बडगी

आमचे पाय बांधाला टेकून उभे आहेत.
यामिनीचा, सुभानचा, माझा,
आणि सुरतान पावराचे दोन्ही, बुटांसकट.
लांबून कुणी पाहिलं तर वाटेल,
माणसं डोक्याकडून पेरलीत.

बामणोद. पौषातला रविवार.
इंदूबाई फिरक्यांच्या मळ्यात पऱ्हाटीचा जाळ,
त्यावर पांढरट-हिरवी वांगी
फुटतात, सुस्कारे टाकतात, काळी होतात.
दर महिन्याला आम्ही कुठेतरी भेटतो.
मे महिन्यात विहिरीवर,
कारण तेव्हा पायाच्या खोळीत घामाचं तळं होतं
आणि चालताना आपलाच पाय बेडकासारखा बोलतो.

गेल्या साली सुभानचा सांधा तुटला,
परीक्षेच्या आदल्या रात्री.
फैजपूरच्या वेल्डिंगवाल्याने खाली ओढलेलं शटर
पुन्हा वर केलं.
पैसे विचारले तर म्हणाला, आधी पास हो.
सुभान नापास झाला.
पैसे अजून द्यायचेत.

एका समारंभात पाहुणे म्हणाले होते,
केळीसारखे व्हा, मुलांनो,
कापली तरी बुडाशी पील फुटतं.
टाळ्या पडल्या.
मी रावेरची. मला केळी सांगू नका.
पील येतं ते दुसरंच झाड असतं.
माझा पाय काही आला नाही.
मी आले.
तीही दुसरीच.

आज नवा मुलगा आलाय, भिकन, चोपड्याचा.
उजवा हात जिनात गेला, कोपराखाली.
उरलेल्यावर टॉवेल, घट्ट, दोन पदरी.
त्याच्या वाटेचं सगळं बापच बोलतो:
टाके किती, खर्च किती, मालक किती वेळा आला.
आम्ही ऐकतो, वांगी फिरवतो.
विचारत कुणीच नाही.
इथे प्रत्येकाला पहिला प्रश्न पाठ आहे,
आणि त्याचा कंटाळाही.

"भिकन, ये रे भो, मिरच्या ठेच,"
इंदूबाई म्हणाल्या, जणू काल सांगितलेलं काम.
त्याने डाव्या हातात मुसळी घेतली.
बडगी सरकली.
पुन्हा मारली, पुन्हा सरकली,
लसणाच्या चार पाकळ्या मातीत.
बाप उठला.
"बसा भाऊ," इंदूबाई म्हणाल्या.
मग जरा हळू, "बसा ना."

मी बसल्या बसल्या पुढे घसरले
आणि माझा खुंट लावला बडगीला.
पलीकडून सुरतानने त्याचे दोन.
लाकूड हललं नाही.

भिकनने पाहिलं. आधी माझ्याकडे नाही,
खुंटाकडे; तिथली कातडी, शिवण,
खोळीचा लाल वळ.
मग मारली.

पहिला ठोका लाकडातून आला
तो थेट माझ्या पोटरीत उतरला,
जी नाही, त्या पोटरीत.
पाच वर्षं तिथे फक्त खाज यायची, रात्री,
खाजवायला जागा नसलेली खाज.
आज तिथे कुणीतरी दार वाजवलं.
मी काही बोलले नाही.
सुरतान हसला, म्हणजे त्यालाही.

मिरच्या कुणी मोजल्या नव्हत्या.
भरीत असं झालं की यामिनी उठून विहिरीकडे धावली,
एका पायावर, लंगडी घालत, शिव्या देत.
कळण्याच्या भाकरीने आग विझेना.
भिकनच्या बापाच्या डोळ्यांतलं पाणी
तिखटाचंच, असं आम्ही ठरवून टाकलं.

जेवणं झाल्यावर, हात धुताना,
भिकन पहिल्यांदा बोलला:
"जिनवर परत घेतील का मले?"
सुभान म्हणाला, "सोमवारी विचारू. सगळेच जाऊ.
तुझा मालक खुर्च्या किती ठेवतो?"

अंधार पडला. पाय चढवले, मोजे शोधले,
एक कुत्र्याने नेला होता, तो आणला.
टॉवेल केव्हा सुटला कुणालाच आठवेना.
त्याने टोपलं उतरवलं होतं चुलीवरून,
काजळी, तेल, मिरचीचे डाग.
सुरतान म्हणाला, राहू दे माझ्याकडे,
पुढच्या महिन्यात आणतो.

"धुऊन आण," भिकन म्हणाला.